वारसा कोणाचा, वारस कोण?

लोअर परळच्या फिनिक्स मिलची चिमणी अजून उभी आहे. तिच्या पायथ्याशी मॉल आहे, आणि नव्या मुंबईकराला ती सजावटीची वस्तू वाटली तर दोष त्याचा नाही. गिरणगावच्या वास्तुवारशाची अलीकडे आस्थेने चर्चा होते. ती व्हायलाच हवी. मात्र या वारशाचा अर्थ कोणी लावावयाचा, हा प्रश्न वर्गीय आहे.

1854 साली ताडदेवला पहिल्या गिरणीची स्थापना झाली, तेव्हापासून येथील प्रत्येक भिंत उत्पादनाच्या गरजेतून उभी राहिली. छपरे करवतीच्या दातांसारखी. त्यांच्या काचा उत्तरेकडे, म्हणजे उन्हाचा झोत टळून सुतावर एकसारखा उजेड पडावा. सूतकताई मजल्यांवर, कारण एकाच वाफेच्या इंजिनाची शक्ती दोरांनी वर पोचवता येई. साचे मात्र जमिनीवर, त्यांचा हादरा मजल्यांना सोसवत नसे. सुताच्या सोयीचा असा बारकाईने विचार करणाऱ्या व्यवस्थेने माणसाला काय दिले? 1920 च्या दशकातील बीडीडी चाळींतील खोली सुमारे 160 चौरस फुटांची, संडास सामायिक. एकाची पाळी सुटली की दुसऱ्याच्या वळकटीवर तो आडवा होई. तरीही 1928 चा सहा महिन्यांचा संप लढला गेला तो याच चाळींच्या आणि खाणावळींच्या आधारावर. वारसा समित्यांच्या यादीत खाणावळ कशी नोंदवणार, हे कोडेच आहे.

18 जानेवारी 1982 रोजी सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. त्यानंतर गिरण्यांपेक्षा त्यांच्या जमिनीलाच भाव आला. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरणीच्या जमिनीचे साधारण तीन वाटे ठरवले: एक महापालिकेच्या मोकळ्या जागांसाठी, एक सार्वजनिक घरांसाठी, एक मालकासाठी. 2001 च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त मोकळ्या जमिनीपुरती उरली. ज्या जागेवर बांधकाम होते ती वाटणीबाहेर! म्हणजे ज्या शेडच्या छपराचे आज कौतुक होते, तीच शेड मालकाची ढाल ठरली. पुढे ती पाडली तरी जमीन त्याचीच. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती कायम केली.

घरांसाठी अर्ज केलेले गिरणी कामगार व त्यांचे वारस दीड लाखांहून अधिक आहेत. त्यांच्यापुढे शेलू आणि वांगणी येथील घरांचा पर्याय ठेवण्यात आला, परळपासून लोकलच्या दीड-दोन तासांवर. काळाचौकीला इंडिया युनायटेड मिलच्या आवारात महापालिकेने वस्त्रोद्योग संग्रहालयाचे काम हाती घेतले आहे. तेथे साचा ठेवला जाईल, चाती ठेवली जाईल. तो साचा चालवणाऱ्याचा मुलगा तो पाहायला वांगणीहून येणार असेल, तर गिरणगावच्या जतनाची मागणी आणि गिरणगावातच घराची मागणी एकाच निवेदनात, एकाच मोर्चात मांडली गेली पाहिजे.