लाइट घालवा, मग मार्क द्या

ओरलला प्रोजेक्ट दाखवायची आपली एक ठरलेली पद्धत आहे. मेनू येतो, १ दाबून एन्ट्री, २ दाबून रिपोर्ट, आणि शेवटी ५ दाबून 'बाहेर पडा'. स्क्रीनवर 'धन्यवाद' उमटतं, एक्स्टर्नल मान डोलावतात आणि आपण थेट चहाच्या टपरीवर! माझं स्पष्ट मत आहे की यात प्रोग्रॅमची खरी परीक्षा होतच नाही. एक्स्टर्नलनी ५ दाबायच्या आधीच प्रोग्रॅम मारून टाकावा आणि मग म्हणावं, "हं, आता परत चालू करून दाखव."

हे शहाणपण मला पुस्तकातून आलेलं नाही, मेसमधून आलंय.

टीईला असताना आम्ही तिघांनी मिनी प्रोजेक्ट म्हणून हॉस्टेलच्या मेसचा हिशोब ठेवणारा प्रोग्रॅम सी मध्ये लिहिला. जेवायला येणाऱ्याचा नंबर टाइप करायचा, सोबत गेस्ट असतील तर त्यांची संख्या. नोंदी सगळ्या मेमरीतल्या एका ॲरेमध्ये. फाइलमध्ये लिहिण्यासाठी आम्ही एकच ओळ खर्च केली होती आणि तिचा आम्हाला भारी अभिमान होता. मेनच्या सुरुवातीलाच 'ॲटएक्झिट'ला सांगून ठेवलं, की बाबा, प्रोग्रॅम संपताना आमचं हे फंक्शन तेवढं चालव.

ज्यांचा सी शी संबंध फर्स्ट इयरनंतर सुटला त्या मेकॅनिकल-सिव्हिलवाल्यांसाठी थोडं सांगतो. कॉलेज सोडताना नो ड्यूजचा फॉर्म घेऊन लायब्ररी, वर्कशॉप, जिमखाना असं फिरावं लागतं ना, तसाच हा प्रकार. प्रोग्रॅम चालू असताना जो-तो आपलं नाव नोंदवतो, 'जाताना मला भेटून जा'. १९८९ च्या ॲन्सी सी पासून ही सोय भाषेतच आहे, आणि किमान ३२ फंक्शनं नोंदवता आलीच पाहिजेत असं स्टँडर्ड सांगतं. मेनमधून रिटर्न झालात किंवा एक्झिट म्हणालात की ही फंक्शनं उलट्या क्रमाने चालतात, म्हणजे शेवटी नोंदवलेलं सर्वांत आधी. हा क्रम उगाच नाही. आधी डेटाबेस उघडला आणि त्याच्या जिवावर नंतर रिपोर्ट सुरू केला, तर आवरताना आधी रिपोर्टच मिटवायला हवा. गादी गुंडाळायची तर वरची उशी आधी उचलावी लागते! हे सगळं झालं की उघड्या फाइलींचे बफर लिहून रिकामे होतात, आणि मग प्रोग्रॅम हॉस्टेल सोडतो.

आमचं दोन आठवडे झकास चाललं. मग एका रविवारी दुपारी फीस्ट होती. श्रीखंड-पुरी. रात्री मेस बंद, त्यामुळे दुपारी गेस्टची ही गर्दी! दीडच्या सुमाराला लाइट गेली. यूपीएसची बॅटरी कधीचीच मेलेली होती हे आम्हाला त्या दिवशी कळलं. लाइट आल्यावर मशीन चालू केलं तर फाइलमध्ये शनिवार रात्रीपर्यंतचाच हिशोब. सकाळपासूनचं सगळं साफ.

तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? पण मेस चालवणाऱ्या काकांचे पैसे त्या ॲरेत होते. गेस्टच्या ताटांचे पैसे महिनाअखेरच्या बिलात लागतात, आणि ज्यांनी चार-चार पाहुणे आणले होते त्यांची स्मरणशक्ती संध्याकाळपर्यंत भलतीच क्षीण झाली. आम्ही तोंड लपवून बसलो होतो. काका मात्र शांत. त्यांनी टेबलाच्या खणातून एक शंभरपानी वही काढली. प्रोग्रॅम आला तरी त्यांनी वही सोडलेली नव्हती. ताट वाढलं की नंबर, आणि पुढे गेस्टच्या रेघा. लाइट गेली तेव्हा जी रेघ मारून झाली होती ती कागदावर होतीच.

झालं असं होतं की आम्ही पुस्तकातलं वाक्य एक शब्द गाळून पाठ केलं होतं. 'प्रोग्रॅम संपताना' नाही, 'प्रोग्रॅम नॉर्मली संपताना'. अॅबॉर्ट झाला, नो ड्यूज नाही. चुकीच्या पॉइंटरने सेगमेंटेशन फॉल्ट आला, नाही. सी च्या प्रोग्रॅमला कंट्रोल-सी मारलं आणि तो सिग्नल आपण पकडला नसेल, तरीही नाही. (पायथनमध्ये कंट्रोल-सी चं एक्सेप्शन होतं, त्यामुळे तिथे एक्झिटची फंक्शनं सहसा चालतात. म्हणून पायथनवरून सी कडे आलेला माणूस हमखास फसतो.) साधा 'किल', म्हणजे १५ नंबरचा सिग्नल, पकडता येतो. हँडलरमध्ये फक्त एक फ्लॅग लावायचा आणि मुख्य लूपने तो बघून शहाण्यासारखं बाहेर पडायचं. पण ९ नंबर पकडताच येत नाही. आणि लाइट तर सिग्नलसुद्धा देत नाही!

हे फक्त आमच्या मेसपुरतं असतं तर मी लिहिलंही नसतं. डॉकरचा कंटेनर 'स्टॉप' केला की आधी १५ नंबर जातो आणि एरवी १० सेकंदांत आवरलं नाही तर ९ नंबर. मोबाइलवर तर मेमरी कमी पडली की अँड्रॉइड मागचं ॲप न सांगता उडवतो.

मग ॲटएक्झिट टाकाऊ आहे का? मुळीच नाही. टर्मिनलचे मोड बदलले असतील तर ते पूर्ववत करणं, टेम्पररी फाइली पुसणं, समोरच्या सर्व्हरला 'येतो' म्हणणं, ही कामं त्याचीच. राहून गेली तर पसारा होतो, नुकसान होत नाही. माझा आक्षेप आहे तो जे हरवून चालणारच नाही ते निरोपाच्या क्षणावर सोडण्याला.

स्टॅनफर्डच्या जॉर्ज कँडिया आणि आर्मांडो फॉक्स यांनी २००३ मध्ये 'क्रॅश-ओन्ली सॉफ्टवेअर' नावाचा एक छोटा पेपर लिहिला. त्यांचं म्हणणं असं, की क्रॅशमधून सावरायची तयारी तुम्हाला करावीच लागणार आहे. मग बंद करायची वेगळी वाट ठेवताच कशाला? थांबवणं म्हणजेच क्रॅश आणि सुरू करणं म्हणजेच सावरणं, असंच बांधा. जरा टोकाचं वाटतं, पण आपल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये असलेलं एस्क्यूलाइट याच वळणाचं आहे. अर्धवट राहिलेल्या ट्रँझॅक्शनचं जर्नल मागे उरलं असेल, तर पुढच्या वेळी डेटाबेस वापरायला घेताना ते सापडतं आणि अर्धवट बदल मागे घेतले जातात. साफसफाई जाणाऱ्याने केली नाही तर येणारा करतो. आपले रेक्टर नाही का, नवी बॅच यायच्या आधी प्रत्येक खोली उघडून बघतात? जुन्याने आवरलं असेल या भरवशावर ते किल्ली देत नाहीत.

आम्ही प्रोग्रॅम परत लिहिला. आता प्रत्येक ताटागणिक फाइलच्या शेवटी एक ओळ जाते. एफप्रिंटएफ करून भागत नाही, कारण ते आपल्याच प्रोसेसच्या बफरमध्ये असतं. एफफ्लशने ते ऑपरेटिंग सिस्टिमच्या हाती जातं, आणि लाइट जाण्याची भीती असेल तर एफसिंक करून डिस्कपर्यंत पोचवावं लागतं. चालू होताना सगळी फाइल वाचायची, शेवटची ओळ अर्धी असेल तर टाकून द्यायची. थोडं हळू चालतं, पण पुरी वाढेपर्यंत केव्हाच होऊन जातं.

आता आमच्या लॅब असिस्टंटना वाटेल की हा पोरगा मशीनच्या वायरी ओढायला सांगतोय. तर तसं नको. दुसऱ्या टर्मिनलवरून 'किल मायनस नाइन' पुरे आहे. एफसिंक विसरलेला त्यातूनही निसटेल, पण निम्मे प्रोजेक्ट तरी तिथेच उघडे पडतील, आणि आमचा पहिला त्यात सर्वांत आधी असता. दहा मार्क त्याला ठेवा. 'धन्यवाद'ला शून्य दिले तरी चालेल.

काका अजूनही वही लिहितात. महिनाअखेरीला आम्ही दोन्ही शेजारी ठेवून ताळा करतो. मागच्या महिन्यात दोन ताटांचा फरक निघाला. आमच्याकडे दोन ताटं कमी होती, आणि ती कुठे गेली ते मी अजून शोधतोय.