दुसरी कधी?

बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही. कारण नेहमीचंच, आळस. पण परवा एका लग्नासाठी आर्वीला जाऊन आलो आणि तिथे पंगतीत जे ऐकलं त्याने डोकं असं तापलं की आज बसलोच लिहायला. नातेवाईक मंडळींपैकी जे हे वाचतात त्यांना आधीच सांगतो, हे तुमच्याबद्दलच आहे. रागवायचं तर रागवा, पण शेवटपर्यंत वाचा.

तर झालं असं. आमचा दादा, म्हणजे माझा मावसभाऊ, पंगतीत वाढत होता. दादाची कादंबरी येऊन आता नऊ वर्षं झाली. मठ्ठ्याचा जग घेऊन तो आमच्या रांगेत आला आणि एका मामांनी त्याला सगळ्यांदेखत विचारलं, "काहून रे, दुसरी कई येते बाप्पा?" दादा हसला, "लिहून राह्यलो मामा" म्हणाला आणि पुढे सरकला. तो जरा लांब गेल्यावर मामा माझ्याकडे वळून म्हणाले, "याचं शेळक्यासारखं झालं. त्यानं 'धग' लेहली अन् सरला."

मामा मास्तर होते. वाचणारा माणूस. म्हणून जास्त लागलं. तिथे मी गप्प बसलो, कारण लग्नघर होतं. इथे गप्प बसायचं कारण नाही.

आधी शेळक्यांचं बोलू. उद्धव शेळके आपल्याच जिल्ह्यात, हिंगणघाटला जन्मले. 'धग' 1960 साली आली. कौतिक आणि तिचा शिंपीकाम करणारा नवरा महादेव यांचा तो संसार आणि ती वऱ्हाडी बोली. मराठीतल्या उत्तम कादंबऱ्यांची यादी कुणीही करो, त्यात 'धग' असते. पुढे शेळक्यांनी लेखणीवर घर चालवलं. वाचनालयांत हातोहात फिरणाऱ्या कादंबऱ्या एकामागून एक लिहिल्या. 1992 साली ते गेले. समीक्षकांनी त्यांचा हिशेब एका वाक्यात मिटवला, की 'धग' लिहिणारा माणूस पुढे बाजारू लिहीत गेला. मामांचं "सरला" हे त्याच वाक्याचं वऱ्हाडी भाषांतर.

त्या नंतरच्या कादंबऱ्या 'धग'च्या तोडीच्या आहेत असं मी म्हणत नाही. नाहीतच. पण "सरला" म्हणजे आतली विहीर आटली, असं जे आपण गृहीत धरतो ना, ते मला मान्य नाही. ज्याला महिन्याचा किराणा हस्तलिखितातून काढायचा आहे, त्याची लिहायची पद्धत बदलणारच. एका कादंबरीला पाच वर्षं द्यायची तर त्या पाच वर्षांचं वाण्याचं बिल कोण भरणार? नेमाड्यांनी 'लेखकराव' हा शब्द रूढ केला, मानमरातबाच्या मागे लागलेल्या लेखकासाठी. झकास शब्द आहे. पण लेखकाचा मजूर का होतो यावर कुणी तितक्या चवीने बोलल्याचं मला तरी आठवत नाही.

आता खुद्द नेमाड्यांचंच बघा. 'कोसला' 1963 ची. पंचविशीतला पोरगा गावी, सांगवीला घरी बसून थोड्याच दिवसांत एवढी कादंबरी लिहून काढतो, ही गोष्ट आपल्याकडे पुराणातल्या कथेसारखी सांगतात. माझ्या मते या गोष्टीने मराठीचं बरंच नुकसान केलंय. खरी कादंबरी म्हणजे एका झपाट्यात अंगात येते आणि उतरते, अशी सगळ्यांची समजूत होऊन बसली. पण पुढचं कुणी सांगत नाही. 'बिढार' 1975, 'जरीला' 1977, 'झूल' 1979 आणि त्यानंतर 'हिंदू' 2010 साली! मधे 31 वर्षं. तोच माणूस, तेच डोकं. पहिलीला काही दिवस आणि ह्या एकीला तीन दशकं.

याचा अर्थ नेमाडे 1979 ला सरले होते का? तसं म्हणायची कुणाची हिंमत झाली नसती, कारण ते तोपर्यंत नेमाडे झाले होते. शिवाय ते प्राध्यापक होते. पगार चालू होता. तो त्यांनी कष्टाने मिळवला, त्याबद्दल तक्रार नाही. मुद्दा एवढाच, की पगार असलेला थांबला तर आपण त्याला चिंतन म्हणतो आणि पगार नसलेला थांबला तर सरला म्हणतो. पगार नसलेला थांबलाच नाही, भराभर लिहीत सुटला, तर बाजारू म्हणतो. म्हणजे त्याने करावं तरी काय?

हे आजचंही नाही. हरिभाऊ आपटे घ्या. 1890 ला 'करमणूक' साप्ताहिक सुरू केलं आणि 'पण लक्षांत कोण घेतो?' त्यात क्रमशः छापली. दर आठवड्याला मजकूर हवा म्हणजे हवा. त्या रेट्यातून मराठीला मोठी कादंबरी मिळाली आणि त्याच हरिभाऊंच्या कितीतरी कादंबऱ्या अपुऱ्याही राहिल्या. श्री. ना. पेंडसे नोकरी करायचे बेस्टमध्ये. 'एल्गार' 1949 ची आणि 'तुंबाडचे खोत' हे दोन खंडांचं धूड 1987 चं. म्हणजे सत्तरी उलटल्यावर, नोकरीचं जोखड कधीच उतरल्यावर! लेखक काय आणि कसं लिहितो हे त्याच्या दिवसाच्या वेळापत्रकात बघा. बरंचसं तिथेच सापडेल.

मामा यावर काय म्हणतील ते मला माहीत आहे. "'धग' तरी कुठे सुखात बसून लेहली होती त्यानं?" प्रश्न बरोबर आहे आणि मी त्यावर बराच विचार केलाय. मला असं वाटतं की पहिल्या कादंबरीचं भांडवल आयुष्यानेच आधी भरून ठेवलेलं असतं. वीस-पंचवीस वर्षांचं घर, गल्ली, आई, भांडणं, भूक, सगळं आत साचलेलं असतं. ते लिहायला एक सुट्टीही पुरते. दुसऱ्या कादंबरीसाठी मात्र नवं कमवावं लागतं. फिरावं, विचारावं, वाचावं, लिहिलेलं फाडावं लागतं. गरिबीत पहिली लिहून होते. दुसरीला वेळ लागतो आणि वेळ विकतच घ्यावा लागतो.

आता दादाकडे येतो. पहिली त्याने चोविसाव्या वर्षी लिहिली, दिवाळीच्या सुट्टीत, शेतातल्या कोठ्यात बसून. एका बैठकीत वीस-वीस पानं. दीड महिन्यात संपली. नंतर छापायला चार वर्षं लागली आणि प्रकाशकाने त्यातल्या तीनशे प्रती त्यालाच विकत घ्यायला लावल्या. त्या आपल्या घराघरांत पडून आहेत. किती जणांनी उघडल्या ते ज्याचं त्याने स्वतःला विचारावं.

आज दादाचं झेरॉक्सचं दुकान आहे. सकाळी दहापासून सातबारा, पीकविमा, शिष्यवृत्तीचे फॉर्म. मी लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तिथे दोन तास बसलो. बिघडलेल्या झेरॉक्सच्या कोऱ्या पाठीवर तो लिहितो. एक गिऱ्हाईक गेलं की चार ओळी, दुसरं आलं की कागद काउंटरखाली. गठ्ठाच दाखवला त्याने. एका बाजूला कुणाच्या तरी जमिनीचा उतारा आणि दुसऱ्या बाजूला कादंबरी. पूर्वी त्याची वाक्यं लांबलचक असायची, पानभर चालायची. आता तुटक झालीत. तो म्हणाला, "दोन गिऱ्हाइकांच्या मधात मावते तेवढंच वाक्य लिहितो." आणि खरं सांगू? ती वाक्यं पहिल्या कादंबरीपेक्षा चांगली आहेत. मी भाऊ म्हणून सांगत नाही, वाचक म्हणून सांगतोय.

कादंबरी कशावर आहे तेही ऐका. आपल्या तालुक्यात धनोडीला निम्न वर्धा धरण झालं, त्यात बुडालेल्या एका गावावर. हे त्याच्या आत आयतं साचलेलं नाही. रविवारी दुकान बंद ठेवून तो उठलेल्या माणसांकडे जातो. देऊळ कुठे होतं, विहिरीचं पाणी कसं लागायचं, मोबदल्याच्या पैशाचं काय झालं, सगळं विचारतो. कुणी बोलतं, कुणी दारातूनच परत पाठवतं. रविवारचं गिऱ्हाईक जातं ते वेगळंच.

आता थोडा हिशेब. समजा पुस्तकाची किंमत 300 रुपये, हजाराची आवृत्ती आणि लेखकाला दहा टक्के. सगळ्या प्रती खपल्या आणि पैसे इमानदारीत मिळाले तरी 30,000 रुपये होतात. दादाला लागलेल्या नऊ वर्षांनी भागा. महिन्याला तीनशेही पडत नाहीत! एवढ्याशा पैशात आपण त्याच्याकडून 'कोसला'सारखा झपाटा मागतो, 'हिंदू'सारखा विस्तार मागतो आणि वर पंगतीत मठ्ठाही वाढून घेतो.

मराठी लेखकांना मुलाखतीत हमखास विचारतात, "तुमची लेखनप्रक्रिया सांगा." मग पहाटेची वेळ, पाऊस, खिडकी, आतला आवाज वगैरे येतं. त्याऐवजी एकदा तरी कुणी विचारावं, की ही कादंबरी लिहिताना घर कोण चालवत होतं? बायको, बाप, सरकार, का झेरॉक्सचं मशीन? उत्तरं खरी आली तर प्रक्रिया का बदलते हे आपोआप कळेल.

असो. बरंच लांबलं. मामा, तुम्ही मला शाळेत शिकवलंत, म्हणून हात जोडून सांगतो, पुढच्या लग्नात दादाला "दुसरी कई येते" विचारू नका. विचारायचंच असेल तर असं विचारा, "या रविवारी दुकानावर मी बसू का?" सातबाराच्या झेरॉक्स काढणं तुम्हाला नक्की जमेल. मी पुढच्या महिन्यात चार दिवस जाणार आहे. मशीन कसं चालू करायचं ते त्याच्याकडून शिकून ठेवलंय.