पोहता येतं का?

सह्याद्रीत चार पावसाळे काढलेल्या माणसाला एक माज असतो. राजगड, तोरणा, हरिश्चंद्रगड पालथे घातलेत म्हणजे आता जगातला कुठलाही डोंगर आपल्यासाठी पर्वतीच, असं त्याला वाटायला लागतं. ऑनसाइटला सिडनीला येताना हा माज मी बरोबर आणला होता. भडंग आणि मेतकूट विमानतळावर डिक्लेअर केलं, हा मात्र तसाच आत आला.

पहिले सहा महिने वीकेंड म्हणजे हॅरिस पार्कला जाऊन डोसा खायचा, कोणाच्या तरी घरी पत्ते कुटायचे आणि रविवारी रात्री "यार, ऑस्ट्रेलियात येऊन काही बघितलंच नाही" असं म्हणून झोपायचं. शेवटी मार्चमधल्या एका वीकेंडला मी ठरवलं की बास, आता अनोळखी माणसांबरोबर जायचं. ऑफिसातल्या एकाच्या ओळखीने एका ग्रुपमध्ये घुसलो. आम्ही सात जण: मोहीम ठरवणारी एक आयरिश नर्स, दोन ब्राझिलियन विद्यार्थी, एक जर्मन जोडपं, साठीकडे झुकलेल्या एक कोरियन काकू आणि अस्मादिक.

ठिकाण होतं सिडनीच्या दक्षिणेचं रॉयल नॅशनल पार्क. १८७९ सालचं, म्हणजे जगातल्या सगळ्यात जुन्या राष्ट्रीय उद्यानांपैकी एक. त्याच्या समुद्राकडच्या अंगाने बंडीना ते ऑटफर्ड अशी साधारण २६ किलोमीटरची पायवाट आहे. डावीकडे सरळ समुद्रात उतरणारे कडे, उजवीकडे खुरटी झुडपं, आणि मध्येच वाट खाली उतरून एखाद्या पुळणीवर सोडते. एक मुक्काम करून लोक दोन दिवसांत करतात. क्रोनुलाहून फेरीने अर्ध्या तासात बंडीना, तिथून चालायला सुरुवात.

फेरीत बसल्या बसल्या त्या नर्सबाईंनी एक वही काढली आणि सगळ्यांना प्रश्न विचारले. गुडघा, कंबर, दमा, काही त्रास? कसली ॲलर्जी? पाणी किती घेतलंय? (मुक्कामाच्या जागी प्यायचं पाणी मिळत नाही, सगळं पाठीवर न्यावं लागतं.) आणि शेवटचा प्रश्न, पोहता येतं का?

ब्राझीलवाले हसले. जर्मन म्हणाले हो. काकूंनी सरळ सांगून टाकलं, "नाही. अजिबात नाही." माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, "थोडंफार."

आता माझं थोडंफार म्हणजे काय ते सांगतो. मी सोलापूरचा. आमच्याकडे पाणी नळाला चार-चार दिवसांनी यायचं, त्यात पोहणार काय? इंजिनिअरिंगला असताना हॉस्टेलच्या पोरांबरोबर एका विहिरीत ट्यूब घालून दोनदा तरंगलो होतो. एवढंच. पण समोर साठीच्या काकूंनी "नाही" म्हटल्यावर लगेच अठ्ठावीस वर्षांच्या धडधाकट पोराने पण "नाही" म्हणायचं? जीभ रेटेना.

दिवस झकास गेला. वाटामोलाच्या धबधब्यापाशी सँडविच खाल्ले. पुढे गरुडाच्या डोक्यासारखा दिसणारा ईगल रॉक बघितला. चालण्यात मी सगळ्यांच्या पुढे. माज वाढतच होता. दुपारी चारच्या सुमारास गॅरी बीचवर उतरलो. अठराएक किलोमीटर झाले होते, अंग घामाने चिकट झालेलं, आणि समोर निळाशार समुद्र. बॅगा टाकून सगळे पळाले.

ऑस्ट्रेलियात पहारा असलेल्या बीचवर लाल-पिवळे झेंडे रोवलेले असतात. पोहायचं ते त्या दोन झेंड्यांच्या मध्येच. मी बघितलं, तर झेंड्यांच्या मध्ये चांगल्या डोक्याएवढ्या लाटा फुटत होत्या. आणि तिथून तीस-चाळीस पावलांवर एक पट्टा अगदी शांत. लाट नाही, फेस नाही, पाणी जरा गडद. मी मनात म्हटलं, हे लोक वेडे आहेत का? पोहता न येणाऱ्याने शांत पाण्यात जावं, हे साधं लॉजिक आहे.

तेच लॉजिक माणसं मारतं. लाटा किनाऱ्यावर जे पाणी ढकलतात त्याला परत जायला वाट लागते. वाळूत जिथे खोलगट चर असतो तिथून ते सगळं पाणी एकत्र समुद्रात परत जातं. ह्याला रिप म्हणतात. तिथे खोली जास्त म्हणून लाट फुटत नाही, आणि लाट फुटत नाही म्हणून नवख्याला तीच जागा सुरक्षित वाटते. रिप जोरात असेल तर वेग सेकंदाला दोन मीटरपर्यंत जातो. ऑलिंपिकवाले शंभर मीटर साधारण त्याच वेगाने पोहतात. हे सगळं मी नंतर वाचलं, अर्थातच.

तेव्हा मला एवढंच कळलं की कमरेएवढ्या पाण्यात उभा होतो आणि पायाखालची वाळू सरकली. पुढचं पाऊल टेकलंच नाही. किनाऱ्याकडे तोंड करून हातपाय मारतोय आणि किनारा लांब जातोय. ओरडायला तोंड उघडलं तर खारं पाणी आत. किती वेळ गेला विचाराल तर दोन मिनिटंही नसतील. शिट्टी ऐकू आली. मग एक लांब बोर्ड बाजूला आला, त्यावरच्या पोराने माझा दंड धरला आणि पहिला प्रश्न विचारला, "मेट, पोहता येतं का?"

मी म्हणालो, "नो."

ऑस्ट्रेलियात आल्यापासून कोणालाही म्हटलेलं हे माझं पहिलं नो. मॅनेजरला नाही, क्लायंटला नाही.

तो पोरगा वीकेंडला फुकट पहारा देणारा स्वयंसेवक होता. त्याने मला वाळूवर आणून बसवलं, दहा मिनिटं नजर ठेवली आणि परत आपल्या जागी गेला. नर्सबाईंनी नाडी बघितली, श्वास नीट चाललाय ना ते बघितलं. काही बोलल्या नाहीत. रात्री नॉर्थ एराच्या तळावर नूडल्स खाताना मात्र शांतपणे म्हणाल्या, की तू नाही म्हणाला असतास तर मी तुझ्याबरोबर काठाशी थांबले असते. मी प्लॅन तुझ्या उत्तरावर केला होता.

हे वाक्य मला त्या समुद्रापेक्षा जास्त लागलं. कारण हे मला कळायला हवं होतं! माझा धंदाच तो आहे. टीममधल्या एकाने "येतं मला" म्हणून टास्क घेतलं आणि खरं तर येत नसेल, तर त्याचा एकट्याचा नाही, सगळ्यांचा रिलीज बोंबलतो.

मला वाटतं, "येत नाही" म्हणायची आपल्याला सवयच लावलेली नाही. शाळेत येत नाही म्हटलं की मार्क गेले. कॅम्पस इंटरव्ह्यूला येत नाही म्हटलं की नोकरी गेली. रेझ्युमेत तर एक पुस्तक चाळलं की ती टेक्नॉलॉजी आपली. ऑफिसात हे खपून जातं, कारण रात्री जागून शिकून घेता येतं. समुद्र एक्स्टेंशन देत नाही.

पण सगळा दोष लपवणाऱ्याचा नाही. विचारणारे कसे विचारतात तेही बघा. आपल्या मित्रांच्या ग्रुपबरोबर अलिबागला, नाहीतर गणपतीपुळ्याला गेलेला कोणी "मला पोहता येत नाही" म्हणाला तर त्याचं काय होतं? "ए घाबरट, चल रे, काही होत नाही!" आणि दोघं जण हाताला धरून ओढतात. मीही ओढलंय. "काही होत नाही" हे आपल्या सहलींचं ब्रीदवाक्य आहे, आणि बहुतेक वेळा खरंच काही होत नाही, म्हणून ते टिकून आहे. २०१६ च्या फेब्रुवारीत पुण्याहून सहलीला गेलेले १४ विद्यार्थी मुरुडच्या समुद्रात बुडाले. त्यानंतर चार दिवस सगळे हळहळले. पुढच्या वीकेंडला आम्ही परत बीचवर, आणि पोहता येतं का हे कोणीच कोणाला विचारलं नव्हतं.

त्या ग्रुपमध्ये कोरियन काकूंना कोणी हसलं नाही. त्या बॅगांपाशी बसल्या, सगळ्यांसाठी संत्री सोलून ठेवली आणि मजेत लाटा बघत राहिल्या. त्यांची सहल काही कमी झाली नाही. दुसऱ्या दिवशी बर्निंग पाम्सजवळचे ते प्रसिद्ध फिगर एट पूल्स बघायचा माझा फार हट्ट होता. पण तिथल्या खडकावर अचानक लाटा येऊन माणसं फेकली जातात, म्हणून पार्कवाले लाटांच्या धोक्याचा अंदाज देतात. नर्सबाईंनी तो आधीच बघून ठेवला होता. म्हणाल्या, आज नाही. कोणी हुज्जत घातली नाही. आम्ही ताडांच्या दाट सावलीतून वर चढलो आणि ऑटफर्डहून ट्रेन पकडली.

कोणी म्हणेल, एवढे प्रश्न विचारत बसलं तर सहलीची मजाच जाईल. फेरीत त्या सगळ्या चौकशीला दहा मिनिटं लागली होती. पुढचे दोन दिवस मजेला मोकळे होते, माझी दोन मिनिटं सोडून. तेव्हा पुढच्या सहलीला निघताना गाडीत गाणी लावायच्या आधी एकदा विचारा. आणि कोणी "नाही" म्हणालं, तर त्याला चिडवू नका. त्याने तुमचं एक मोठं काम सोपं केलंय.

असो. सध्या मी दर मंगळवारी इथल्या पालिकेच्या तलावात मोठ्यांच्या क्लासला जातो. शेजारच्या लेनमध्ये सहा-सात वर्षांची पोरं माशासारखी सुळकन जातात आणि मी फळी धरून पाय मारतो. परवा पहिल्यांदा २५ मीटर न थांबता पार केले. मास्तर म्हणाले, छान.

तरी समुद्रावर कोणी विचारलं तर माझं उत्तर ठरलेलं आहे. येत नाही.