बर्फाचं पाणी खारट कसं झालं?

मुलांनो, आज एका कोड्यापासून सुरुवात करू या. डोंगरावर बर्फ पडतं. ते वितळतं, त्याचं पाणी ओढ्यांतून खाली येतं आणि एका तळ्यात साठतं. ओढ्याचं पाणी चाखलं तर गोडं. त्याच पाण्याने भरलेलं तळं मात्र खारट! समुद्र तर तिथून कितीतरी दूर. मग त्यात मीठ कालवलं कोणी?

हे कोडं मला माझ्या वर्गातल्या एका मुलीने घातलं. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही काही शिक्षिका लडाखला जाऊन आलो होतो. शाळा सुरू झाल्यावर मी वर्गात पँगाँग तळ्याचे फोटो दाखवत होते. ते निळंशार पाणी पाहून सगळे 'अहाहा' करत होते. मी म्हटलं, "मी बोट बुडवून चाखलं, चक्क खारट लागलं!" तेवढ्यात ही उभी राहिली. "पण बाई, बर्फाचं पाणी तर गोडं असतं ना?"

शाबास! असा प्रश्न विचारणारं मूल वर्गात असलं की शिकवायला मजा येते.

चला, आता नकाशा उघडा. भारताच्या अगदी माथ्यावर लडाख सापडेल. तिथे पूर्वेकडे एक लांबट निळी रेघ दिसेल, तेच पँगाँग. लांबी सुमारे १३४ किलोमीटर, रुंदी मात्र जास्तीत जास्त पाच किलोमीटर. त्याचा साधारण एक तृतीयांश भाग आपल्या बाजूला आहे, बाकीचा तिबेटात. तिकडचे लोक त्याला 'पँगाँग त्सो' म्हणतात. 'त्सो' म्हणजे तळं. म्हणून 'पँगाँग त्सो तलाव' म्हणू नका हं, ते 'पँगाँग तळं तळं' म्हटल्यासारखं होईल!

हे तळं समुद्रसपाटीपासून सुमारे ४२५० मीटर उंचीवर आहे. आपलं महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १६४६ मीटर. म्हणजे कळसूबाईवर कळसूबाई ठेवली आणि वर आणखी अर्धी ठेवली, तरी तळ्याचा काठ थोडा वरच राहील. एवढ्या उंचीवर हवा विरळ असते. चार पावलं भरभर टाकली की धाप लागते. हवेचा दाब कमी, म्हणून पाणी १०० नव्हे तर सुमारे ८६ अंशांनाच उकळतं. उकळतं खरं, पण डाळ काही शिजत नाही! तिथे कुकरशिवाय स्वयंपाकाचं खरं नाही.

आता कोड्याकडे वळू. घरी एक प्रयोग करा. एका ताटलीत थोडं पाणी घ्या, त्यात चमचाभर मीठ विरघळवा आणि ताटली उन्हात ठेवा. दोन-तीन दिवसांनी काय उरेल? पाणी वाफ होऊन उडून गेलं आणि ताटलीला पांढरं मीठ चिकटून राहिलं. पाणी उडतं, मीठ उडत नाही. एवढं लक्षात ठेवा.

डोंगरातून येणारा ओढा खडकांवरून वाहतो, तेव्हा त्यातले क्षार अगदी कणाकणाने विरघळवून आणतो. ते इतके थोडे असतात, की जिभेला कळत नाहीत. नदी हे क्षार समुद्राला नेऊन देते. पण पँगाँगमधून एकही नदी बाहेर पडत नाही. चारी बाजूंना डोंगर! शास्त्रज्ञ सांगतात, की हजारो वर्षांपूर्वी या तळ्याचं पाणी श्योक नदीवाटे सिंधूला मिळत असे. पुढे गाळ-दगडांनी ती वाट बुजली. तेव्हापासून पाण्याला बाहेर पडायची एकच वाट उरली, वाफ होऊन वर जाण्याची. दर वर्षी ओढे नवे क्षार आणतात, पाणी उडतं, क्षार मागे राहतात. झालं तळं खारट!

त्यातून लडाखात पाऊस जेमतेम. आपल्याकडे सह्याद्री ढग अडवतो आणि पलीकडे माण-खटावला पाऊस कमी पडतो, हे तुम्ही शिकलाच असाल. तिथे हिमालय हेच काम करतो, पण केवढ्या मोठ्या प्रमाणावर! लेहला वर्षभरात मिळून १०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. कोरडी हवा, कडक ऊन, सोसाट्याचा वारा. त्यामुळे वाफ भराभर होते.

आपलं म्हणणं खरं की खोटं, हे कसं तपासायचं? दुसरं तळं बघायचं. हिमाचल प्रदेशात स्पितीजवळ चंद्रताल आहे. उंची जवळपास तेवढीच, पाणीही बर्फाचंच. पण त्याचं पाणी बाहेर पडून चंद्रा नदीला मिळतं. आणि चंद्रतालचं पाणी गोडं आहे! उलट आपल्या बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार. ते उंच डोंगरात नाही, बर्फाचं तर नाहीच. पण त्यातूनही पाण्याला बाहेर वाट नाही, आणि त्याचं पाणी खारं. बघा, एका नियमाने तीन तळी समजली.

आता एक गोष्ट सांगते. ती सांगताना मला थोडी लाज वाटते, पण सांगते.

पँगाँगच्या काठावर आम्ही चिक्की खात होतो. वाऱ्याचा झोत आला आणि माझ्या हातातलं रिकामं पाकीट उडून पाण्यात पडलं. त्यावरची मराठी अक्षरं लांबूनही दिसत होती. मी नुसतीच "अगंबाई" म्हणत उभी राहिले. आमचे लडाखी चालकदादा मात्र काही न बोलता बूट काढून त्या गारठलेल्या पाण्यात शिरले आणि पाकीट घेऊन आले. पाय लालबुंद झाले होते. ते पाकीट माझ्या हातात देत हळूच म्हणाले, "मॅडम, या तळ्यातून पाणी कुठे जात नाही. पडलं ते राहिलं."

त्या मुलीने प्रश्न विचारला, तेव्हा मला हेच वाक्य आठवलं. मिठाचं उत्तर त्यातच होतं. आणि जे मिठाचं, तेच कचऱ्याचं. मीठ साठायला हजारो वर्षं लागली. पाकिटं साठायला एखादा मोसमही पुरेल. शिवाय थंडीमुळे तिथे काही लवकर कुजत नाही.

२००९ साली एका गाजलेल्या हिंदी चित्रपटाच्या शेवटी हे तळं दिसलं आणि तिथे पर्यटकांची रीघ लागली. २०२२ साली तर काही जणांनी चक्क तळ्याच्या पाण्यात मोटार घातली. त्याचं चित्रीकरण देशभर पाहिलं गेलं आणि लोक संतापले.

अशा तळ्यांवर कोण कोण अवलंबून आहे, ठाऊक आहे? लडाखच्याच त्सो मोरिरी तळ्याकाठी पट्टकादंब घरटी करतात. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हा पक्षी. लडाख, तिबेट, मंगोलियाकडच्या तळ्यांवर त्यांची पिल्लं वाढतात आणि थंडीत हे पक्षी भारतभर उतरतात. आपल्या उजनी आणि जायकवाडीच्या पाण्यावरही पट्टकादंब येतात. म्हणजे ती तळी बिघडली, तर आपल्याकडचे पाहुणेही कमी होणार.

आई-बाबांनो, मुलांना घेऊन जरूर जा. मात्र लेहला पोचल्यावर पहिले दोन दिवस नुसती विश्रांती घ्या. पँगाँगच्या वाटेवरची चांग ला खिंड ५३०० मीटरहून उंच आहे. डोकं दुखून मळमळायला लागलं, तर अंगावर काढू नका, खाली उतरा. लहान मुलांना आणि हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असणाऱ्यांना नेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा. परवान्याचे नियम बदलतात, तेही निघण्याआधी पाहून घ्या. आणि सोबत एक रिकामी पिशवी न्या, आपला कचरा परत आणायला.

माझं ते चिक्कीचं पाकीट मी घरी आणलं आहे. आता ते वर्गातल्या फलकावर टाचलेलं आहे, नकाशाच्या शेजारी.

आता तुमचं काम. तुमच्या गावच्या तळ्यात, विहिरीत किंवा धरणात पाणी कुठून येतं आणि तिथून कुठे जातं, ते मोठ्यांना विचारून त्याचा नकाशा काढा. आणि हो, ताटलीचा प्रयोग विसरू नका. काय उरलं ते मला लिहून कळवा!