पातं कोणतं, हा प्रश्नच नाही!

परवा मेसमध्ये रानडुकरांचा विषय निघाला. आमच्या राणीसावरगावाकडं एका रात्रीत उभ्या हरभऱ्याचं वाटोळं होतं. मेकॅनिकलवाला रूममेट म्हणाला, "धनुष्यबाण घे की! पातं तेवढं नीट निवड."

हसू नका, हिशेब करण्यासारखा आहे. ४० ग्रॅमचा बाण सेकंदाला ५० मीटर वेगानं सुटला तर गतिज ऊर्जा भरते ५० ज्यूल. रायफलच्या गोळीची हजारांत असते. बाण धक्क्यानं नाही, कापून मारतो. म्हणून साध्या धनुष्याला जड बाण अन् दोन धारांचं अरुंद पातं बरं. ते खोल जातं. तीन धारांचं पातं जखम मोठी करतं, पण घुसायला जोर जास्त मागतं. त्यात नराच्या खांद्यावर ढालीसारखी जाड कातडी!

आता नेम वीतभर चुकला तर? जखमी डुक्कर उसात शिरणार, आणि सकाळी खुरपायला गेलेल्या बाईवर धावणार. हे कोणत्या समीकरणात बसवायचं? शिवाय १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार गुन्हा आहे; पीक वाचवायला मारायचं तरी कलम ११ खाली लेखी परवानगी लागते.

मग शेतकऱ्यानं काय करायचं? कुणी तारेत थेट वीज सोडतो, त्यात माणसंही मरतात. सौर कुंपण क्षणभराचा झटका देतं, जीव घेत नाही. पण खर्च परवडत नाही. तो खर्च निम्म्यावर कसा आणायचा, हा खरा आपला प्रोजेक्ट. पात्याला धार लावण्यापेक्षा डोक्याला लावू. पटतंय का?