फोन आडवा धरणाऱ्यांचं काय?

माझी आत्या निवृत्त शिक्षिका. दोन वर्षांपूर्वी तिला पक्षाघात झाला, तेव्हापासून उजवा हात चालत नाही. पलंगाला एक स्टँड घट्ट बसवलाय, त्यावर टॅब आडवा लावलेला असतो आणि ती डाव्या हाताच्या बोटाने वाचते. आपल्या मंडळाचा मागचा अंक निघाला तेव्हा मी मोठ्या हौसेने तिला लिंक पाठवली. संध्याकाळी तिचा फोन: "अरे बाळा, तुमचा अंक मला सांगतोय, 'कृपया स्क्रीन उभी धरा'. आता मी काय पलंग उभा करू?"

मी हसलो खरा, पण फोन ठेवल्यावर ओशाळलो. कारण ती सूचना मीच टाकली होती. आडव्या स्क्रीनवर कवितांचं पान विस्कटत होतं, मुदत उद्यावर आली होती, म्हणून मी दुरुस्तीऐवजी पाटी लावून मोकळा झालो.

मित्रहो, आज मला ठामपणे वाटतं की पानाने वाचकाप्रमाणे वळावं, वाचकाला वळायला लावू नये. ही केवळ माझी हळहळ नाही. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियमने २०१८ मध्ये सुलभतेचे जे सुधारित निकष काढले, त्यांत १.३.४ क्रमांकाचा निकष नेमका हाच आहे: मजकूर फक्त उभ्या किंवा फक्त आडव्या स्क्रीनला बांधून ठेवू नये. अपवाद आहेत, पण ते पियानो वाजवायचं ॲप किंवा बँकेचा चेक अशा खरोखर अडणाऱ्या गोष्टींचे. आपला अंक त्यांत बसत नाही.

आणि हे फार अवघडही नाही. ईथन मार्कॉट यांनी २०१० मध्येच 'रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन'ची कल्पना मांडली: रुंदी प्रमाणात ठेवा, चित्रं लवचीक ठेवा आणि जागेनुसार मांडणी बदला. फोन उभा आहे की आडवा, हे विचारण्यापेक्षा रुंदी किती मिळते ते विचारलेलं बरं. काही फोनवर कीबोर्ड उघडला की उरलेली जागा उंचीपेक्षा रुंद होते आणि पानाला वाटतं, फोन आडवा झाला! वाचक अभिप्राय लिहायला जातो आणि समोरची मांडणीच बदलते. त्याहून वाईट म्हणजे फोन वळताच पान पुन्हा लोड करणं. अर्धा लिहिलेला अभिप्राय क्षणात गायब. तो माणूस पुन्हा लिहील का? मी तरी लिहिणार नाही.

आमच्यातले कवी म्हणतील, "ओळ मोडली की कविता मोडते." हे मला मान्य आहे. म्हणूनच आपण कविता फुलांच्या चित्रावर छापून फोटो म्हणून टाकतो. पण फोटोतली अक्षरं स्क्रीनप्रमाणे मांडून घेता येत नाहीत; उभ्या फोनवर ती मुंगीएवढी होतात, आणि अंध मित्राचा स्क्रीन रीडर तिथे गप्प बसतो. छापील पुस्तकांनी यावर केव्हाच तोडगा काढलाय: लांब ओळ मावली नाही तर उरलेले शब्द खाली थोडे आत सरकवून छापतात. वाचकाला कळतं की ओळ कवीने नाही, कागदाने मोडली. सीएसएसच्या दोन ओळींत हे वेबवरही होतं. उलट गद्याच्या ओळी आडव्या स्क्रीनवर या टोकापासून त्या टोकापर्यंत धावू देऊ नयेत. तिथे रुंदीला मर्यादा घालावी, नाहीतर पुढची ओळ शोधताना नजर चुकते.

संपादक मंडळाला माझी विनंती एवढीच: पुढचा अंक प्रसिद्ध करण्याआधी प्रत्येक पान एकदा उभं, एकदा आडवं करून बघूया. मधोमध वाचत असताना फोन वळवूया, जागा हरवते का पाहूया. अभिप्राय अर्धा लिहून फोन फिरवूया. आणि दोन बोटांनी अक्षर मोठं करायची सोय कोणीही बंद करू नये.

ती पाटी मी काढली आहे. आत्याने गद्य विभाग वाचून काढला, शुद्धलेखनाच्या सात चुकाही कळवल्या! कवितांचं पान मात्र अजून विस्कटलेलंच आहे. सगळ्या कविता नव्याने टाइप कराव्या लागतील, एकट्याने होणार नाही. येत्या सुट्टीत कोण कोण मदतीला येतंय?