जाण्याची भाषा आणि न मांडलेला हिशेब

प्रति,
माननीय राज्यपाल,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय,

मराठवाड्याने महाराष्ट्रात राहावं की वेगळं राज्य मागावं, हा वाद आमच्याकडे दर काही वर्षांनी उठतो आणि खाली बसतो. त्याबद्दल हिंगोली जिल्ह्यातून हे पत्र थेट आपल्याला लिहितो आहे, कारण या प्रश्नात राज्यघटनेने एका पदाचं नाव घेऊन जबाबदारी टाकली आहे आणि ते पद आपलं आहे. अनुच्छेद 371 (2) आपण जाणताच. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी स्वतंत्र विकास मंडळं, त्यांच्या कामाचा दरवर्षी विधानसभेपुढे अहवाल, विकासखर्चाचं न्याय्य वाटप, तंत्रशिक्षण आणि सरकारी नोकऱ्यांत पुरेशी संधी, एवढं सगळं त्यात राज्यपालांची विशेष जबाबदारी म्हणून येतं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. मी वेगळ्या मराठवाड्याच्या बाजूचा नाही. पण वेगळं राज्य मागणाऱ्याला महाराष्ट्रद्रोही म्हणून गप्प बसवणं मला मान्य नाही. मार्च 2016 मध्ये तेव्हाचे महाधिवक्ता श्रीहरी अणे जालन्यात स्वतंत्र मराठवाड्याबद्दल बोलले. विधिमंडळात गदारोळ झाला, त्यांना पद सोडावं लागलं आणि विषय संपला असं सगळ्यांनी धरून चाललं. माणूस पदावरून गेला, त्याने काढलेला प्रश्न मात्र तसाच राहिला.

एका राज्यातून बाहेर कसं पडायचं, हा वाद आमच्या भागाला नवा नाही. 17 सप्टेंबर 1948 ला निजामाची राजवट संपली, पण हैदराबाद राज्य आणखी आठ वर्षं टिकलं. मराठी, तेलुगू आणि कन्नड मुलूख एकाच विधानसभेत बसत होते. ते राज्य मोडावं की राखावं, यावर उघड मतभेद होते. पंडित नेहरूंना सुरुवातीला मोडणं पसंत नव्हतं. स्वामी रामानंद तीर्थांनी मात्र भाषावार विभाजनाची बाजू धरून ठेवली. 1955 च्या सप्टेंबरात फाजल अली यांच्या राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल आला. आयोगाने तेलंगणाला तूर्त वेगळं राज्य सुचवलं, मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात घालायला सांगितला आणि विदर्भाचंही स्वतंत्र राज्य करावं म्हटलं. ती शिफारस जशीच्या तशी स्वीकारली गेली असती, तर 1956 पासूनच आमच्या कळमनुरी तालुक्याच्या उत्तरेची पैनगंगा ही दोन राज्यांमधली सीमा झाली असती.

तिन्ही भाग हैदराबादमधून बाहेर पडले, पण तिघांची रीत वेगळी. तेलंगणाच्या पुढाऱ्यांनी आंध्रात जाण्याआधी 20 फेब्रुवारी 1956 ला आपल्या अटी घालून सद्गृहस्थांचा करार करून घेतला. तो पाळला गेला नाही, 1969 मध्ये आंदोलन पेटलं आणि शेवटी 2 जून 2014 ला तेलंगणा वेगळा झाला. बिदर, गुलबर्गा, रायचूर हा कन्नड भाग आधी काही न मागता गेला. त्याने पुढे अनेक वर्षं धरणं धरून 2012 च्या घटनादुरुस्तीतून 371 (जे) मिळवला. त्या भागातल्या मुलांना शिक्षणात आणि नोकरीत स्थानिक म्हणून राखीव जागा आज घटनेच्या आधाराने मिळतात. देगलूरहून तासाभराच्या अंतरावर हे घडतं आणि आमची मुलं ते बघतात.

मराठवाडा बिनशर्त आला, असं आमच्याकडे दर 17 सप्टेंबरला भाषणात सांगितलं जातं. एका अर्थी ते खरं आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. मराठी माणसाचं एक राज्य व्हावं म्हणून मराठवाड्याच्या तेव्हाच्या पाच जिल्ह्यांनी सौदा केला नाही. पण त्याचबरोबर 28 सप्टेंबर 1953 चा नागपूर करारही आहे. त्यावर यशवंतराव चव्हाण, भाऊसाहेब हिरे यांच्यासोबत मराठवाड्यातर्फे देवीसिंह चौहान आदींच्या सह्या आहेत. मराठवाड्याची मागास स्थिती लक्षात घेऊन त्याच्या सर्वांगीण विकासाकडे विशेष लक्ष दिलं जाईल आणि त्याचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे ठेवला जाईल, असं त्यात लिहून दिलेलं आहे. याच करारातून नागपूरचं अधिवेशन आलं आणि ते बहुतेक दरवर्षी भरतं. मराठवाड्याच्या वाट्याला आला होता वार्षिक अहवाल. बिनशर्त म्हणजे बेहिशेबी, असा अर्थ आमच्या आजोबांच्या पिढीने कधी लावला नव्हता.

पुढचा इतिहास आपल्या कार्यालयात कागदावर आहेच. 371 (2) घटनेत आला 1956 मध्ये. वि. म. दांडेकर समितीने 1984 मध्ये राज्याचा अनुशेष, म्हणजे मागे राहिलेल्या विकासाची तूट, 3,186 कोटींच्या पुढे दाखवला आणि त्यातला सुमारे साडेतेवीस टक्के एकट्या मराठवाड्याचा निघाला. त्याच वर्षी विधिमंडळाने मंडळांचा ठराव केला. मंडळं प्रत्यक्षात आली 1994 मध्ये, म्हणजे घटनेत तरतूद होऊन 38 वर्षं उलटल्यावर. 30 एप्रिल 2020 ला त्यांची मुदत संपली. सगळं लक्ष करोनावर होतं, त्यामुळे कुणाला फारसं कळलंही नाही. सप्टेंबर 2022 मध्ये मंत्रिमंडळाने पुनर्गठनाचा निर्णय घेतला. आम्ही तो वर्तमानपत्रात वाचला आणि वाट पाहत राहिलो.

मंडळ नसल्याने काय अडतं, ते आमच्या जिल्ह्यावरून सांगतो. हिंगोली जिल्हा झाला 1 मे 1999 ला. त्याआधी आम्ही परभणीत होतो. अनुशेष मोजला गेला तो 1994 हे वर्ष धरून, जिल्हानिहाय. म्हणजे त्या मोजणीत हिंगोली नव्हतीच. येलदरी आणि सिद्धेश्वर धरणांच्या कालव्यांचं पाणी ज्या वसमत-परभणीच्या काळ्या रानाला मिळतं, त्याच्या सिंचनाच्या आकड्यात सेनगावचा माळ, औंढ्याचे डोंगर आणि हिंगोली तालुक्यातली कोरडवाहू शेती मिसळून गेली. सरासरी बरी दिसली. जिल्हा वेगळा झाला तेव्हा कोरडवाहू तालुके आमच्याकडे आले आणि अनुशेषाचा आकडा मात्र जुन्याच जिल्ह्याचा राहिला. त्यानंतर हिंगोलीचा सिंचन अनुशेष वेगळा मोजा, ही मागणी कितीदा झाली ते आपल्या दप्तरात असेल. धरण आमच्या औंढा तालुक्यात आणि त्याच तालुक्यातली गावं टँकरवर, हे कोड्यात टाकणारं दृश्य त्या मोजणीतून समजतं. हे काम आमदारांच्या भाषणांनी होत नाही. त्याला आकडे मांडून बसणारी, राज्यपालांना उत्तर देणारी संस्था लागते.

मंत्रिमंडळाच्या बैठका होतात. ऑक्टोबर 2016 मध्ये औरंगाबादला झाली, 16 सप्टेंबर 2023 ला पुन्हा त्याच शहरात झाली. दुसऱ्या वेळी 45 हजार कोटींहून अधिक रकमेच्या घोषणा झाल्या. त्यातलं काय जमिनीवर आलं, काय जुन्याच योजनांचं नवं नाव होतं, हे तपासून सांगणारं मंडळ तेव्हा अस्तित्वात नव्हतं. राग घोषणांचा नाही, महोदय. त्यांची मोजदाद करणारी जागाच रिकामी ठेवली गेली, याचा आहे.

आता वेगळ्या राज्याच्या बाजूने बोलणाऱ्या माझ्या मित्रांबद्दल. त्यांचा राग खरा आहे, पण ते फक्त जायचं म्हणतात, कसं जायचं ते सांगत नाहीत. असं केलं की काय होतं, ते ब्रिटनमध्ये दिसलं. 23 जून 2016 ला ब्रिटनच्या लोकांना विचारलं गेलं की युरोपीय संघात राहायचं की बाहेर पडायचं. बाहेर पडू म्हणणारे जेमतेम 52 टक्के निघाले. कोणत्या अटींवर बाहेर पडायचं, हे मतपत्रिकेवर नव्हतंच. मग त्या अटींवरून साडेतीन वर्षं तिथल्या संसदेत भांडण चाललं, पंतप्रधान थेरेसा मे यांचा करार 2019 मध्ये तीनदा फेटाळला गेला आणि देश 31 जानेवारी 2020 ला बाहेर पडला. सगळ्यात जास्त अडलं ते आयर्लंडच्या सीमेवर. लंडनच्या भाषणांत जिचा फारसा उल्लेख नव्हता, ती सीमा तिथल्या गावांच्या शेतांतून जात होती.

आमची तशी सीमा पैनगंगा आहे. इसापूर धरण याच नदीवर आहे आणि त्याचं पाणी हिंगोली, नांदेड आणि यवतमाळ या तिन्ही जिल्ह्यांना जातं. विदर्भ आणि मराठवाडा ही दोन राज्यं झाली, तर कालव्याचं एक आवर्तन सोडायलाही दोन सरकारांचं एकमत लागेल. येलदरीच्या वर, पूर्णेच्याच पाण्यावर, बुलढाणा जिल्ह्यात खडकपूर्णा धरण उभं आहे. म्हणजे वसमतच्या हळदीला मिळणारं पाणीही काही अंशी दुसऱ्या राज्याच्या हातात. जायकवाडी धरणाचं तर सांगायलाच नको. नाशिक-नगरच्या धरणांतून खाली पाणी सोडायला लावणारा 2005 चा जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा एका राज्याच्या आत चालतो. राज्य वेगळं झालं की तोच वाद लवादापुढे जाईल. गोदावरीचा लवाद 1969 मध्ये नेमला गेला आणि त्याचा निवाडा आला 1980 मध्ये. इतकी वर्षं कुठलं पीक थांबतं? शिवाय मराठवाड्याच्या आतही सगळं गोडीगुलाबीत नाही. कयाधू नदीचं पाणी इसापूरकडे वळवणाऱ्या खरबी बंधाऱ्यावरून हिंगोलीकर आणि नांदेडकर समोरासमोर आलेच की. मुंबईच्या जागी औरंगाबाद राजधानी झाली म्हणून सेनगावला न्याय मिळेल, असं मला कुणी पटवून दिलेलं नाही.

बाहेर पडण्याची रीत किती पिढ्या पुरते, हे आम्ही रोज बघतो. हैदराबाद सोडून सत्तर वर्षं होत आली, तरी मराठा समाजातल्या कुणबी नोंदी शोधायला 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीला हैदराबादची दप्तरं चाळावी लागली आणि 2 सप्टेंबर 2025 ला सरकारला हैदराबाद गॅझेटवर शासन निर्णय काढावा लागला. आरक्षणाबद्दल कुणाचं काही मत असो. वाटणी झाली तेव्हा कागद कुठे राहिले, याची किंमत आज तलाठ्याच्या दारात उभा असलेला माणूस मोजतो आहे. आमच्या रेल्वे स्टेशनच्या पाटीवर अजून हिंगोली डेक्कन लिहिलेलं आहे आणि आमच्या गाड्यांचा निर्णय अजून सिकंदराबादला, दक्षिण मध्य रेल्वेच्या मुख्यालयात होतो. तेलंगणा-आंध्राच्या 2014 च्या वाटणीत ठरलेली संस्थांची आणि मालमत्तेची विभागणी दहा वर्षांनंतरही पुरी झाली नव्हती.

म्हणून राहण्याच्या बाजूचा असूनही, किंबहुना असल्यामुळेच, आपल्याकडे मागणी करतो. राहायचं असेल तर ते भावनेवर राहणं होऊ नये. आमच्या शेजारच्या नांदेड जिल्ह्याच्या सीमेवरच्या गावांनी तेलंगणातल्या शेतकऱ्याला मिळणारं अनुदान बघून तिकडे जाण्याची भाषा केली, तेव्हा त्यांना मराठी अस्मितेची आठवण करून देण्यात आली. त्या गावांना हवा होता वीज, रस्ता आणि पेरणीच्या पैशाबद्दलचा जबाब, आणि तो कुणी दिला नाही.

आपण मराठवाडा विकास मंडळ पुन्हा उभं करण्यासाठी राष्ट्रपतींकडे आणि राज्य सरकारकडे आपल्या अधिकारात लेखी पाठपुरावा करावा आणि तो पत्रव्यवहार जनतेसाठी खुला करावा. मंडळ येईपर्यंत थांबू नये. हिंगोलीच्या पाचही तालुक्यांचा सिंचन, रस्ते, आरोग्य आणि तंत्रशिक्षणाचा अनुशेष 1999 नंतरच्या जिल्ह्याच्या हद्दीप्रमाणे तालुकानिहाय मोजून घ्यावा. 2016 आणि 2023 च्या बैठकांतल्या प्रत्येक घोषणेपुढे मंजूर रक्कम, मिळालेली रक्कम आणि खर्च लिहून मराठीत प्रसिद्ध करावा. त्यानंतर एक जाहीर सुनावणी मुंबईत नव्हे, औरंगाबादेतही नव्हे, हिंगोलीत घ्यावी. त्या सुनावणीला वेगळ्या मराठवाड्याची बाजू मांडणाऱ्यांनाही सन्मानाने बोलवावं. इसापूर, खडकपूर्णा, जायकवाडी, राज्याच्या कर्जातला वाटा आणि कर्मचाऱ्यांची विभागणी यांवर त्यांनी आपलं म्हणणं लेखी आणावं, आणि सरकारच्या सचिवांनी आपला हिशेब लेखी आणावा. दोन्ही कागद आम्ही वाचू आणि मग ठरवू. विधिमंडळाच्या पुढच्या अर्थसंकल्पी अधिवेशनाआधी ही सुनावणी व्हावी, म्हणजे तिथे निघालेल्या आकड्यांना त्याच वर्षीच्या तरतुदीत जागा मिळेल.

आपला विश्वासू,
कळमनुरी तालुक्यातील एक निवृत्त शिक्षक
जि. हिंगोली